बाळंतिणीची विचारपूस

आज माहेरी बाळंतपणाला आलेल्या मावसबहिणीला भेटून आले. बाळ दीड महिन्याचे आहे. डिंकाचे लाडू, शेक, मालीश, सारे काही यथासांग चालू आहे, आणि येणारा प्रत्येकजण बाळाचे वजन आणि दूध पुरते का, एवढेच विचारतो. मी तिला झोपेविषयी विचारले, तेव्हा बाळ शांत निजलेले असतानाही आपला डोळा लागत नाही, आणि त्याला जवळ घेताना मनात काहीच उमटत नाही, असे तिने अगदी खालच्या आवाजात सांगितले.

प्रसूतीनंतरचे रडू आणि हळवेपणा बहुतेक दोन आठवड्यांत ओसरतो. त्यानंतरही उदासी, अपराधीपणा किंवा धास्ती टिकून राहिली, तर ते नैराश्य असू शकते. त्याची सुरुवात गरोदरपणातच होऊ शकते, पण तेव्हा थकवा आणि भूक मंदावणे हे सगळे 'दिवस गेलेत म्हणून' या सदरात जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका अभ्यासात सुमारे २३ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळले होते, आणि गरिबी व नवऱ्याशी बिनसलेले संबंध यांबरोबरच मुलगी होणे हेही त्यामागचे कारण दिसले होते. (मुलगी झाल्यावर चेहरे पाडणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावे.)

अशा नैराश्याची शक्यता चाचपणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दलचे अवघे दहा प्रश्न असतात. शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. या प्रश्नावलीवरून निदान होत नाही, परंतु डॉक्टरांकडे जाण्याची गरज कळते. बहिणीची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ आम्ही घेतली आहे. स्तनपान चालू असतानाही घेता येतील अशी औषधे असतात, हे मावशीला समजावताना मात्र माझी बरीच दमछाक झाली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक तिच्या नवऱ्यालाही दिला आहे.