जळालेल्या रानात सीडबॉल टाकू का?

दर पावसाळ्याच्या तोंडाशी इंदूरची ओळखीची मंडळी विचारतात, "भेरूघाटाखाली, चोरलकडे रान जळालंय. सीडबॉल टाकायला येऊ का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: या, पण ते मातीत बिया घालून वळलेले गोळे घरी ठेवून या. आधी जळिताच्या कडेला बसू.

आग सरली, राख निवली की दाणे वेचणाऱ्या मुंग्या कामाला लागतात. बिळाच्या तोंडाभोवती त्या गवताच्या बियांची टरफलं आणून टाकतात. त्याचं फिकट कडं काळ्या जमिनीवर उठून दिसतं. वाचलेल्या गवतातून एकेक दाणा ओढत रांग चाललेली असते. उंदराला मात्र आडोसा लागतो, उघड्यावर घुबडाची भीती. तो गवताच्या आसऱ्याने राहतो आणि तिथून बी पळवतो. आपण बिया टाकतो ते नेमकं या दोघांच्या ताटात.

पटत नसेल तर दोन बशांत सारख्या बिया मोजून ठेवा, एकीवर मुंगी शिरेल पण उंदीर शिरणार नाही अशी जाळी घाला. जाळीतल्याही गेल्या तर मुंग्या. नुसत्या उघड्या बशीतल्या गेल्या तर उंदीर, नाहीतर पाखरं.

नेलेलं प्रत्येक बी वाया जातं असं नाही हो. उंदराने पुरलेलं एखादं तसंच राहतं आणि रुजतं. कोल्हा बोरं खातो, आठळ्या विष्ठेतून लांब जाऊन पडतात. मोहाचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. फुलं मार्च-एप्रिलात गळतात. वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवतात आणि कितीतरी वणवे तिथूनच पसरतात. फळ पिकतं ते मात्र जूनच्या सुमारास, आग विझून गेल्यावर. वटवाघळं ते तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतात, गर खातात, बी तिथे टाकतात. उघडं जळीत ओलांडायला त्यांना आडोसा लागत नाही. हे बी फार दिवस टिकत नाही, पाऊस वेळेवर हवा.

शिवाय साग, तेंदू, पळस जमिनीखाली जिवंत असतात आणि बुंध्यातून, मुळांतून पुन्हा फुटतात. त्या फुटव्यांना पुढच्याच उन्हाळ्यात परत आग लागली तर वर येणं जमत नाही. माझी सगळी कळकळ तिथे आहे. वनखातं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतं. तेव्हा या. मोहाखालचा पाला पेटवण्याऐवजी खराट्याने ओढून काढायचा असतो, आणि त्या कामाला गावात माणसं कमी पडतात.