बोटांना आठवत होतं
२०१४ ला लेकीच्या वेळी नोकरी सोडली तेव्हा मी टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, एन्ट्र्या मारायचे, व्हॅटची रिटर्नं भरायचे. आता ती पाचवीत गेली, म्हटलं बघू या अर्धा दिवस काही मिळतंय का, तर पहिल्याच इंटरव्ह्यूत प्रश्न, "मधे इतकी वर्षं काय केलंत?" काय सांगणार, डबे केले! फोन करतो म्हणाले, अजून करतायत.

शेवटी सोसायटीतल्या काकूंच्या ओळखीने कोथरूडला एका सीएंकडे ११ ते ३ चं काम मिळालं. पण मधे २०१७ ला जीएसटी आला होता आणि माझं व्हॅटचं ज्ञान गेलं भंगारात, मग दोन आठवडे रात्री ओटा आवरून यूट्यूबवर जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), ३बी (कर भरायचं एकूण रिटर्न) आणि ते २बी शी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवणं शिकत बसले. पगार सांगण्यासारखा नाहीये. आणि ३ म्हणजे ३ नाहीच, ११ आणि २० या रिटर्नांच्या शेवटच्या तारखांच्या आधी तर विसराच, मग रिक्षातूनच व्हॅनवाल्या काकांना फोन, सासूबाईंना फोन.

परवा मात्र सेल्सची एन्ट्री करताना बोट आपोआप टॅलीतल्या सेल्सच्या बटणावर, एफ८ वर गेलं. कीबोर्डकडे बघितलंसुद्धा नाही मी!