मेंदू नाही, मग कळतं कसं?

प्रयोगशाळा बघायला आलेली मुलं असोत नाहीतर घरी आलेले पाहुणे, ई. कोलाय हा जिवाणू कसा पोहतो हे सांगितलं की प्रश्न ठरलेला: "त्याला ना मेंदू ना नाक, मग खाणं कुठल्या बाजूला आहे हे कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट लिहून काढते.

कुठल्या बाजूला ते त्याला कळतच नाही. जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचा जीव, त्याच्या दोन टोकांपाशी अन्नात फरक तो किती असणार! त्याला कळतं ते इतकंच, की मघापेक्षा आता बरं आहे का.

तो सेकंदभर सरळ पोहतो, मग क्षणभर जागच्या जागी गडबडा लोळतो आणि भलत्याच दिशेला निघतो. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाचा माग काढून दाखवलं की अन्न वाढत असेल तर त्याची सरळ धाव लांबते. लोळणं पुढे ढकलायचं, बाकी काही नाही.

हे लोळणं ठरतं एका फॉस्फेटवर, म्हणजे फॉस्फरस-ऑक्सिजनच्या एका छोट्या रासायनिक गटावर. पेशीच्या टोकाशी बाहेरचं हेरणाऱ्या प्रथिनांचा दाट पुंजका असतो आणि त्याला धरून चे-ए नावाचं प्रथिन. चे-ए एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, फॉस्फेट घेऊन स्वतःच्याच हिस्टिडीन या अमिनो आम्लावर लावतं. तिथून तो चे-वाय हे दुसरं प्रथिन उचलतं आणि पेशीतून तरंगत शेपटीच्या मोटरपाशी पोचतं. मोटर उलटी फिरते, शेपट्यांची जुडी सुटते, स्वारी लोळते. सेरीनसारखं अमिनो आम्ल हेरणाऱ्या प्रथिनाला चिकटलं की चे-ए मंदावतं. म्हणजे अन्न मिळालं की निरोप जायचा थांबतो! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वही मिटून नुसती बसून राहिले होते.

पण माझा जीव आहे तो चे-झेड या प्रथिनावर. त्याचं काम पुसण्याचं. चे-वायवरचा फॉस्फेट ते सेकंदाच्या आत काढून टाकतं, म्हणून पुढचा निरोप ताजा असतो. मऊ अगारच्या (जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटमध्ये मधोमध साधा ई. कोलाय टोचून ठेवा. काही तासांनी त्याची कडी बाहेर सरकलेली दिसते, बाहेरची सेरीन खात गेलेल्यांची, आतली अ‍ॅस्पार्टेट हे दुसरं अमिनो आम्ल खाणाऱ्यांची. शेजारच्या प्लेटमध्ये चे-झेड नसलेला वाण टोचला तर तो टोचल्या जागेभोवतीच अडकून पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर सारखा लोळतोय. मोटर शाबूत, शेपट्या शाबूत, फक्त जुना निरोप पुसायला कोणी नाही.

राहिला 'मघाशी'चा हिशेब. हेरणाऱ्या प्रथिनांवर चे-आर हे प्रथिन मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनच्या छोट्या खुणा) चढवत राहतं, चे-बी हे प्रथिन उतरवतं, आणि चे-बीला जोर येतो तोही चे-एकडूनच आलेल्या फॉस्फेटने. हे चढणं-उतरणं सावकाश चालतं, त्यामुळे काही सेकंदांपूर्वीची स्थिती तिथे टिकून असते. तुम्ही मेंदू कुठे म्हणून विचारलंत ना, त्याची आठवण या मिथाइल गटांत आहे.