मंथरेचं वकीलपत्र

मालिकेतल्या खलनायिकेइतकं कामसू माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. नायिका देव्हाऱ्यापुढं उभी राहून डोळे मिटते आणि तिचं काम होतं. खलनायिकेला सगळं स्वतः करावं लागतं. दाराआड उभं राहून ऐकायचं, कपाटातले कागद पळवायचे, कुणाच्या तरी दुधात काहीतरी कालवायचं, ऐन पूजेत नैवेद्याचं ताट सांडेल अशी तजवीज करायची. आणि हे सारं जरीच्या साडीत, रात्री झोपतानासुद्धा कानातलं न काढता. डाव फसणार हे ठरलेलं, तरी बाई दुसऱ्या दिवशी ताज्या दमानं हजर. तिनं पंधरा दिवस माहेरी जायचं ठरवलं तर उरलेली मंडळी एकमेकांना चहा देण्यापलीकडं काय करतील, मला कळत नाही.

हे मत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मोठ्यानं मांडायची सोय नाही. संध्याकाळी आत्या येऊन बसते. तिच्याकडं आमच्यापेक्षा मोठा टीव्ही आहे, पण एकटीनं शिव्या द्यायला रंगत येत नाही, असं तिचं म्हणणं. २०१६ साली ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका सुरू झाली, तिचं शूटिंग इथंच जवळ वसगड्याला. गायकवाडांचा वाडा बघायला लांबलांबून माणसं यायची. आत्याही जाऊन आली, वाड्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. परतीच्या वाटेवर नायकाबद्दल, म्हणजे राणाबद्दल, ती एवढंच बोलली, “पोरगं गुणाचं हाय.” विषय संपला. खलनायिका नंदिता वहिनी मात्र तिला वसगड्यापासून मिरजकर तिकटीपर्यंत पुरली. त्या भवानीनं काय काय केलं, कसं केलं, मी तिथं असतो तर काय केलं असतं. (आत्या अजूनही ‘मी गेलो, मी आलो’च म्हणते. पुण्याच्या सुनांना त्याची फार मजा वाटते.)

तसं खलनायक घडवणं हे आमच्या गावाला नवीन नाही. १९२० साली बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ‘सैरंध्री’ काढला. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा उतरला की त्याच्यावर कात्री चालवावी लागली. पाच वर्षांनी त्यांचाच ‘सावकारी पाश’ आला. नाडलेला शेतकरी झाला होता तरुण व्ही. शांताराम, आणि त्याची जमीन खोट्या कागदावर लाटणारा सावकार. म्हणजे मुक्या चित्रपटांच्या काळातच कोल्हापुरानं मराठी पडद्याला दोन नमुने घालून दिले. एकाचा डोळा बाईवर, दुसऱ्याचा जमिनीवर. पुढं तमाशापटांतल्या पाटलानं दोन्ही खाती एकाच माणसाकडं दिली, एवढंच.

या पाटलाची बाजू घ्यायला मी तयार नाही, हे आधीच सांगून टाकतो. हल्ली प्रत्येक दुष्टाला एक दुःखी बालपण चिकटवायची पद्धत पडली आहे. लहानपणी बापानं मारलं, कुणी खेळायला घेतलं नाही, म्हणून आता हा शहर उडवायला निघाला. मला हे पटत नाही. पाटलाला कुणी काय कमी केलं होतं? बैठकीत बसून तो हुकूम सोडतो आणि खालची माणसं धावतात. सावकार कागद खोटा करतो खरा, पण चोरून नाही. दौत त्याची, टाक त्याचा, साक्षीदारही त्याच्याच ओसरीवरचे. ज्याचा शब्द चालतो त्याला कारस्थान करावं लागत नाही. दाराआड कान लावायची वेळ येते ती ज्याला बैठकीत जागा नाही त्याच्यावर. माझी सहानुभूती या एका फरकावर ठरते. चांगलं-वाईट त्यानंतर बघू.

नियम केला की अपवाद येतो, आणि मराठीत तो बहुतेक वेळा निळू फुल्यांच्या रूपानं येतो. पुण्यात माळ्याची नोकरी केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला हा साधा माणूस, आणि पडद्यावर नुसती मान तिरकी केली तरी बायका पदर सावरून घ्यायच्या. ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्यावर राज्य करतो. त्याच्या हाताला रक्त लागलेलं आहे, त्यात शंका नाही. पण रस्त्यावर सापडलेल्या दारुड्या मास्तरला घरी आणून ठेवतो तोही हिंदुरावच. त्याला खायला घालतो, प्यायला देतो, कौतुकानं मिरवतो. आणि तोच मास्तर मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारत सुटतो. एवढ्या माजलेल्या माणसाचा घात कशानं व्हावा, तर पाहुणचारानं! श्रीराम लागूंचा मास्तर थोर आहेच, मला मात्र प्रत्येक वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्याकडं बघावंसं वाटतं. तरीही सहानुभूती नाही म्हणजे नाही. नवल वाटतं, ते वेगळं.

आता माझ्या खऱ्या अशिलाकडं येतो. मंथरा.

रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये ती ललिता पवारांनी केली. मालिका १९८७ची, रविवारी सकाळी गल्ल्या ओस पाडणारी. ललिताबाई मूळच्या येवल्याच्या, आणि एके काळी नायिकेच्या भूमिका करणाऱ्या. १९४२च्या सुमारास एका शूटिंगमध्ये सहकलाकाराची थप्पड जरा जास्तच जोरात बसली, चेहऱ्याला लकवा भरला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. पुढं तोच बारीक डोळा हिंदी-मराठी पडद्यावर दुष्ट सासूची खूण होऊन बसला. मार हिनं खाल्ला आणि पडद्यावर दुष्टही हीच ठरली. मंथरेसाठी याहून योग्य बाई कुठं मिळाली असती?

कारण मंथरेचंही तेच. पाठीला कुबड, म्हणून मनही वाकडं, असा हिशेब आपण लहानपणीच मांडून टाकतो. वाल्मीकी काय सांगतात ते बघा. ही कैकेयीच्या माहेरची दासी, तिच्याबरोबर आलेली. गच्चीवर चढते तर अयोध्या सजलेली. एवढी मोठी गोष्ट, पण कैकेयीच्या महालात कुणी कळवलेलीसुद्धा नाही. ती धावत जाऊन सांगते. कैकेयी आनंदून तिला दागिना देते, आणि मंथरा तो फेकून देते. दासीनं, मिळालेला दागिना! लोभी बाई असं करते का? पुढं ती जे बोलते त्यात विष आहे, मान्य. पण राजाला तीन राण्या, सवतीचा मुलगा गादीवर बसणार आणि आपला भरत नेमका आजोळी, ही धास्तीची गोष्ट नाही असं म्हणणाऱ्यानं आमच्या गल्लीतली दोन भावांची वाटणी एकदा जवळून बघावी. फासे टाकणाऱ्या शकुनीला निदान सभेत बसायला जागा होती. मंथरेच्या हातात होतं काय? एक कान आणि एक जीभ.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, जाहिराती चालू असताना. ती म्हणाली, “आनि सासवांचं काय मग? त्यांचा तर शब्द चालतोय घरात. त्या पन कवातरी सुनाच हुत्या की.” मुद्दा नेमका होता. १९९१च्या ‘माहेरची साडी’त उषा नाडकर्णींनी जी सासू केली, तिला आत्यानं थेटरात बसून इतके तळतळाट दिले होते, की आता तिची बाजू आत्याच घेईल असं वाटलं नव्हतं. माझ्या नियमानं ती सासू हुकूम सोडणाऱ्यांतली, म्हणजे पाटलाच्या ओळीतली. पण तिचा हुकूम चालतो किती लांब? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तलाठ्याच्या चावडीत तिला कोण ओळखतो?

सातबारा हा आमच्याकडच्या सगळ्या मालिकांचा खरा लेखक आहे. सुनेचं नाव त्यावर यायला बहुतेक वेळा आधी नवरा जावा लागतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ साली आला. आणि गावोगाव बहिणींनी भावाला हक्कसोडपत्र लिहून दिलं, भावानं साडीचोळी केली. आमच्या आत्यानंही दिलं आहे, माझ्या वडिलांना. त्या ऊसाच्या बिलातून माझं शिक्षण झालं. म्हणून इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या वहिनीला ती शिव्या घालते तेव्हा मी फारसं बोलत नाही. तिनं जमीन मागितली असती तर आमच्या घरच्या गोष्टीत खलनायिका कोण ठरली असती, हे मला नीट माहीत आहे. तिलाही असावं.

मंथरेचा शेवट आत्याला ठाऊक नव्हता, तो मी सांगितला. भरत परत आल्यावर शत्रुघ्न तिला धरून फरफटत नेतो, अंगावरचे दागिने तुटून जमिनीवर विखुरतात. भरत त्याला आवरतो, तेही रामाला आवडणार नाही म्हणून. मग ती कैकेयीच्या पायाशी येऊन पडते आणि कैकेयी तिला हळूहळू धीर देते. सगळं हातचं गेल्यावर, जिच्यामुळं गेलं तिलाच.

“म्हंजे सोडलं न्हाई तिनं तिला,” आत्या म्हणाली. मग जरा थांबून, “पन आदुगर तो दागिना फेकायला नको हुता. किती तोळ्याचा हुता, काय लिवलंय का?”