टाकीचे पैसे आणि वकिलाची नोटीस

मार्चमध्ये एका दुपारी पोस्टमनने दारात सही घेऊन जाड पाकीट हातात ठेवलं. आत साडेतीन पानी नोटीस, आमच्या त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅट स्कीमच्या बिल्डरची. 15 दिवसांत बिनशर्त माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद आणि वर 25 लाखांचा दावा. स्कीमच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं: "टाकीसाठी घरटी 18 हजार दिले. वर्ष झालं, टाकी नाही, पावती नाही. हा माणूस चोर आहे."

मी 26 वर्षं शाळेत मराठी शिकवते. शब्दांवरून मला कुणी कोर्टात ओढेल असं कधी मनातही आलं नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात मामेभावाच्या ओळखीच्या वकिलांना गाठलं. "बसा ताई, आधी चहा घ्या," म्हणाले. मग पेन्सिल काढली. टाकी आणि पावतीच्या वाक्यांना बरोबरची खूण केली, 'चोर' खाली दोन रेघा ओढल्या. "हे पासबुकावरून सिद्ध होते जी. पण हे कसं करसान? पैसे घेऊन काम न करणं दरवेळी चोरी नसते."

ग्रुपवर फक्त 48 जण आहेत, म्हटलं. तिसऱ्या एकाने वाचलं तरी पुरे, म्हणाले.

अब्रुनुकसानीचं पूर्वीचं भारतीय दंड विधानातलं कलम 499-500 आता भारतीय न्याय संहितेत 356 झालं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. आता समाजसेवेचाही पर्याय आहे. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस थेट उचलून नेत नाहीत. फिर्याद मॅजिस्ट्रेटपुढे करावी लागते आणि दखल घेण्याआधी समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. हे ऐकल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला.

कलमाला दहा अपवाद आहेत. पहिलाच सत्याचा, पण त्याला अट आहे: बोललेलं खरं हवं आणि लोकहितासाठीही हवं. दिवाणी दाव्यात नुसतं खरं असणं पुरतं. जिथे तुरुंगाची भीती आहे तिथे मात्र पुरत नाही. हे मला उलटं वाटतं. शिवाय अपवादात बसतो हे दाखवायची जबाबदारी आरोपीचीच. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हे कलम कायम ठेवलं, अब्रू हाही जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणून. अब्रूचं मला पटतं. पण भरपाईचा दिवाणी मार्ग असताना बोलण्यासाठी कैद कशाला, हे अजूनही पटत नाही.

आणि अब्रू कुणाची, हा प्रश्न त्या नोटिशीनेच माझ्यापुढे आणला. दोन वर्षांपूर्वी याच ग्रुपवर आमच्या कामवालीला 'चोरटी' म्हटलं गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची सोन्याची चेन सापडत नव्हती. तिची चार घरं एका दिवसात सुटली. आठवड्याने चेन वॉशिंग मशीनच्या मागे सापडली, आणि ग्रुपवर कुणी अक्षर लिहिलं नाही. मीही नाही. कलम तिच्यासाठीही तेच होतं, पण साडेतीन पानं लिहायला लागणारा वकील तिच्याजवळ कुठून यावा?

उत्तर आम्ही मुदतीत पाठवलं. 'चोर' शब्द मागे घेतला, बाकी प्रत्येक ओळ ठेवली, सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडली. पुढे काय होतं ते बघू.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, चेन घरातच सापडली होती, तिने काही घेतलं नव्हतं. रविवारी प्रतापनगरला तिच्याकडे गेले. माझं सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

"मॅडम, ते लिहिलेलं माह्या पोराच्या मोबाइलवर पाठवा," ती म्हणाली. "मले वाचता येत नाही. तो वाचून दाखवन."