झारियाचा रस्ता संध्याकाळी रिकामा होता

प्लास्टिकचे बुटे ट्रकमध्ये भरणं हे डिस्पॅचवाल्याची परीक्षा पाहणारं काम आहे. बुटा म्हणजे वजूसाठी वापरायची तोटीची किटली. उत्तर नायजेरियात ती घराघरात, मशिदीच्या दारात, पेट्रोल पंपावर, स्टँडवर, सगळीकडे दिसते. बादल्या आणि टब एकात एक बसतात. बुट्याला तोटी आणि कान असल्यामुळे तो बसत नाही. त्यामुळे ट्रक वजनाने भरायच्या कितीतरी आधी जागेने भरतो आणि भाडं मात्र पूर्ण ट्रकचं द्यावं लागतं. म्हणून आम्ही बुटे मोठ्या पिंपांत रचायचो, तोट्या आतल्या बाजूला आणि मध्ये जुनी पोती. डिसेंबरात हर्मटान सुरू झाला की सहारातली बारीक धूळ कोरड्या प्लास्टिकला अशी चिकटते की व्यापाऱ्याला नवा माल जुना वाटतो, म्हणून ताडपत्री दुहेरी घालायची. कानो शहरातल्या ज्या प्लास्टिक कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळायचो, तिथे माझ्या देखरेखीखाली भरलेला माल फुटल्याची तक्रार क्वचित आली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

12 डिसेंबर 2015 चा शनिवारचा ट्रक असाच भरलेला होता. मौलिदचा, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचा महिना सुरू होत होता, बुट्यांना मागणी होती आणि झारिया शहराच्या साबोन गारी बाजारातला व्यापारी सकाळपासून फोन करत होता. कानो ते झारिया साधारण दीडशे किलोमीटर. पहाटे निघालेला ट्रक दहापर्यंत पोचायला हवा. पण त्या दिवसांत देशभर इंधनटंचाई होती, पंपांवर मैल मैल रांगा होत्या आणि आमचा ट्रक त्या रांगेतून उशिरा सुटला. म्हणून दुपारी तो झारियात क्वांगिलावरून सोकोटो रोडवर वळला, तेव्हा समोरचा रस्ता बंद होता.

ड्रायव्हर अनुभवी माणूस, माझ्याहून मोठा. सगळे त्याला मालम म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याने फोनवर सांगितलं, "ओगा (साहेब), हुसैनियासमोर शियांचा कार्यक्रम आहे. झेंडा बदलतायत. थांबावं लागेल." मी विचारलं, किती? तो म्हणाला, "अर्धा तास. फार तर पाऊण."

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. हुसैनिया म्हणजे शियांची धार्मिक सभांची इमारत. शेख इब्राहिम अल-झकझाकी यांची इस्लामिक मूव्हमेंट ऑफ नायजेरिया ही शिया संघटना झारियातली, आणि रस्ता अडवणं ही त्यांची जुनी सवय. मिरवणूक असो, सभा असो, त्यांचे हुर्रास म्हणजे गणवेशातले स्वयंसेवक काठ्या घेऊन रस्त्यावर उभे राहायचे आणि गाड्या थांबवायचे. परवानगी वगैरे काही नाही. ग्यालेसू भागात, जिथे शेखांचं घर होतं, तिथले शेजारी या जाचाने वैतागलेले होते. मालम स्वतः तिजानिया पंथाचा सुन्नी, तोही त्यांना शिव्या घालायचा. मलाही त्यांचा राग यायचा. रस्ता सगळ्यांचा असतो, आणि रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाला काठी दाखवून थांबवण्याचा हक्क कुठल्याही श्रद्धेने मिळत नाही. हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

पण रस्ता बंद असताना काय करायचं, हे त्या रस्त्यावर पोट असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या ड्रायव्हरांना ठरलेली सूचना होती. इंजिन बंद करायचं. हॉर्न वाजवायचा नाही. उलट्या लेनमध्ये घुसायचं नाही, कारण मागून येणारे सगळे तुमच्यामागे घुसतात आणि मग दोन्ही बाजू जाम होतात. खाली उतरायचं, त्यांच्यातला वयस्कर माणूस शोधायचा, सलाम करायचा, किती वेळ लागेल ते विचारायचं आणि मला फोन करायचा. मी वेळ नोंदवायचो आणि व्यापाऱ्याला कळवायचो. आषाढात पालख्या पुण्यातून जाताना आमच्या चिंचवडचे ट्रान्सपोर्टवाले जसे गाड्यांचं वेळापत्रक आधीच फिरवून ठेवतात, तसंच आम्ही अरबाईनच्या, म्हणजे इमाम हुसैन यांच्या चाळीसाव्याच्या दिवसांत करायचो. तेव्हा कानोहून हजारो माणसं चालत झारियाला जायची.

त्या वर्षी या चालण्यावर रक्त सांडलं होतं. 27 नोव्हेंबरला कानोच्या दक्षिणेला दकासोये गावाजवळ बोको हरामच्या आत्मघाती हल्लेखोराने मिरवणुकीत स्वतःला उडवलं. एकवीस माणसं गेली. त्यानंतर हुर्रासची मुलं कमालीची धास्तावलेली होती. अनोळखी गाडी जवळ आली की त्यांचे डोळे बदलायचे. मालमने मला हे आधीच सांगितलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांच्यात स्फोट झालाय, ती माणसं आपल्या इमारतीसमोर सशस्त्र ताफा येताना पाहून कशी वागतील, याचा अंदाज एका ट्रक ड्रायव्हरला होता.

त्या दुपारी आला तो लष्करप्रमुखांचा ताफा. लेफ्टनंट जनरल तुकुर बुराताई झारियात नव्या जवानांच्या दीक्षान्त संचलनाला आणि झाझाऊच्या अमीरांना, म्हणजे झारियाच्या पारंपरिक राजांना भेटायला निघाले होते. लष्कराने नंतर प्रसृत केलेल्या चित्रफितीत अधिकारी खाली उतरून वाट मागताना दिसतात, समोर काठ्या घेतलेली मुलं अडून उभी दिसतात. लष्कर म्हणालं, हा जनरलांच्या हत्येचा प्रयत्न होता. संघटना म्हणाली, आम्ही निःशस्त्र होतो. बोको हरामशी लढणाऱ्या सेनेचा प्रमुख जमावात अडकून पडला तर त्याच्या अंगरक्षकांना भीती वाटणार, हे मी मान्य करतो. ती भीती खोटी नव्हती.

मालमचा दुसरा फोन आला तेव्हा मागे गोळ्यांचा आवाज होता. तो आणि मोटरबॉय म्हणजे क्लीनर ट्रक सोडून एका पंक्चरवाल्याच्या वाड्यात शिरले होते. मी त्याला एवढंच सांगितलं की ट्रकचा विचार करू नकोस, जमिनीवर पडून राहा, फोनची बॅटरी वाचव. व्यापाऱ्याला फोन केला, तो दुकान बंद करून पळाला होता.

यापुढचा भाग मी वर्षानुवर्षं डोक्यात घोळवत आलोय. असरच्या नमाजानंतर, म्हणजे उन्हं उतरताना, मालमने पुन्हा फोन केला. मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, रस्ता? तो म्हणाला, "रस्ता रिकामा आहे. माणूस नाही. फक्त सैनिक आहेत." जनरलांचा ताफा केव्हाच पुढे गेला होता. मी नोंदवहीत ती वेळ लिहिली, कारण ते माझं काम होतं.

रस्ता रिकामा झाला, पण गोळीबार थांबला नाही. त्या रात्री सैनिक ग्यालेसूत शेखांच्या घराकडे गेले. रस्त्यावर नव्हे, घरावर. वाड्यात लपलेल्या मालमला रात्रभर दुरून आवाज येत होते. रविवारीही येत होते. कारवाई 14 तारखेपर्यंत चालली. शेख आणि त्यांच्या पत्नी झीना जखमी अवस्थेत पकडले गेले, शेखांचा एक डोळा गेला. त्यांचे तीन मुलगे या कारवाईत मेले. आदल्या वर्षी, जुलै 2014 मध्ये, झारियातच कुद्स दिनाच्या, म्हणजे पॅलेस्टाईनच्या पाठिंब्यासाठी काढलेल्या मिरवणुकीवर सैनिकांनी गोळीबार केला तेव्हाही त्यांचे तीन मुलगे गेले होते. हुसैनियाची इमारत पुढे जमीनदोस्त झाली.

कानोत आमच्या भारतीय मंडळींच्या ग्रुपवर त्या रविवारी काय चाललं होतं? "बरं केलं." "हे असंच पाहिजे." "आपल्याकडेही असं करायला हवं." यातले काही जण माझे मित्र होते, त्यांच्या घरी मी जेवलोय. ते क्रूर नव्हते. त्यांना कित्येकदा त्या रस्त्यावर अडकून पडावं लागलं होतं, आणि अडकलेल्या माणसाचा राग त्यांनी मेलेल्या माणसांवर काढला. बाजारातले व्यापारीही हेच म्हणत होते. मला ते ऐकवलं नाही. मी तसं लिहिलं, आणि बराच काळ काही जण माझ्याशी बोलले नाहीत.

मालम सुखरूप परतला. ट्रक नंतर मिळाला तो ढकलून रस्त्याकडेला लावलेला, काच फुटलेला, निम्म्याहून जास्त माल गेलेला. मग विम्याचा दावा करायचा होता. वाहतुकीतल्या मालाच्या विम्यात कारणाला फार महत्त्व असतं. आमच्या पॉलिसीत दंगल आणि नागरी उपद्रव धरलेले होते. लष्करी कारवाईचं कलम वगळलेल्या गोष्टींत होतं, आणि वकील त्याचा अर्थ कसाही लावू शकतात. मी फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या. पहिली: मिरवणुकीमुळे रस्ता बंद, अंदाजे अर्धा तास. दुसरी: गोळीबार आणि त्यानंतर लष्कराची नाकेबंदी, ट्रक सोडावा लागला. आमच्या वरिष्ठांनी दुसरी ओळ खोडली. म्हणाले, "धार्मिक गटाने रस्ता अडवला, एवढं पुरे. दाव्यासाठी तेच सोपं आहे." दाव्यासाठी ते सोपं होतं हे खरंच. त्यावर माझी सही नाही. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली.

पुढे मी वर्तमानपत्रं वाचत गेलो तेव्हा दिसलं की हीच खोडाखोड मोठ्या पातळीवर चालली आहे. "रस्ता अडवला, म्हणून कारवाई झाली." अर्ध्या तासाच्या अडवणुकीने तीन दिवसांचा गोळीबार समजावून दिला जातो. वाहतुकीच्या माणसाला हे पटत नाही. उशीर लिहिताना आम्ही तो तोडून लिहितो: इथपर्यंत नाका, इथपर्यंत पंक्चर, इथपर्यंत पाऊस. प्रत्येक तुकड्याचा जबाबदार वेगळा. दुपारचा तुकडा अल-झकझाकींच्या अनुयायांच्या खात्यावर जातो, मी तो सोडत नाही. गोळीबार सुरू झाल्यापासूनचं सगळं, आणि रात्रीची ती घरावरची चाल तर नक्कीच, आदेश देणाऱ्याच्या खात्यावर जाते. तिथे कुठलाही ताफा अडलेला नव्हता.

झारिया ज्या राज्यात येतं त्या कादुना राज्याच्या सरकारने जानेवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती मोहम्मद लावल गर्बा यांच्या अध्यक्षतेखाली 13 जणांचा चौकशी आयोग नेमला. एप्रिलमध्ये राज्य सरकारच्याच सचिवांनी आयोगापुढे सांगितलं की 347 मृतदेह कादुनाजवळ मांडो इथे एकाच खड्ड्यात पुरले. जुलैमध्ये अहवाल आला. त्यात 348 अनुयायी आणि 1 सैनिक मेल्याची नोंद आहे. अनुयायांच्या बेकायदा वागण्याची जबाबदारी आयोगाने अल-झकझाकींवर टाकली, आणि लष्कराने वापरलेलं बळ प्रमाणाबाहेर होतं असंही स्पष्ट म्हटलं. कादुनातल्या लष्कराच्या 1 डिव्हिजनच्या प्रमुखासह संबंधित सैनिकांवर खटले भरा, ही त्यांची शिफारस होती. अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त समाधान या गोष्टीचं वाटलं की त्यांनी दोन्ही ओळी ठेवल्या, एकही खोडली नाही.

ती शिफारस अमलात आली नाही. उलट ऑक्टोबर 2016 मध्ये राज्याने संघटनेवरच बंदी घातली. डिसेंबरात राजधानी अबुजाच्या न्यायालयाने शेखांना 45 दिवसांत सोडा आणि भरपाई द्या असा आदेश दिला, तोही पाळला गेला नाही. 2018 मध्ये खटला भरला गेला तो शेख आणि त्यांच्या पत्नीवर. 2019 मध्ये त्यांना उपचारासाठी गुरगावला आणलं, ते काही दिवसांतच परत गेले. अखेर जुलै 2021 मध्ये कादुनाच्या न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं.

ऑक्टोबर 2018 मध्ये अबुजाच्या वेशीवर अरबाईनच्या मिरवणुकांवर सैनिकांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने 45 मृत्यू मोजले. तेव्हा मी कानो सोडून चिंचवडला परतलो होतो. मालमला फोन केला. तो आता कात्सिनाच्या बाजूला गाडी चालवतो. शियांबद्दलचं त्याचं मत बदललेलं नाही. त्यांच्या मिरवणुकांनी लोकांना त्रास होतो असं तो आजही म्हणतो. पण त्याने मला विचारलं की ती नोंदवही माझ्याकडे आहे का. मी त्या पानाची प्रत काढून ठेवली होती. "सांभाळ," तो म्हणाला. "कधी कोर्टाने विचारलं, तर रस्ता किती वाजता रिकामा झाला ते मी येऊन सांगेन."

मीही सांगेन.