परक्या हातात सायकल देताना

सामान लादलेली सायकल घेऊन पेट्रोलपंपावर थांबलं, की कुणीतरी हवेची नळी घेऊन येतंच, न मागता. लांबच्या एकट्या प्रवासात सगळ्यात सहज मिळणारी मदत ही, आणि ट्यूब फोडणारीही हीच. ३२ मिलिमीटरच्या टायरात दीड लिटरभर जागा असते, मोटारीच्या टायरात त्याच्या पंधरा-वीस पट. भल्या माणसाचा हात मात्र मोटारीच्या सवयीनं खटक्यावर दाबलेलाच राहतो. म्हणून खटका माझ्या हातात ठेवते: अर्धा सेकंद दाबायचा, अंगठ्यानं टायर चाचपायचा, मग पुन्हा. सामानासकट मागच्या चाकाला ६५ पीएसआयच्या आसपास पुरतं. मापक ‘बार’ या एककात असेल तर साडेचार. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर पितळी अडॅप्टर आधीच बसवून ठेवावा. टोकाचा छोटा नट सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही, मग समोरचा नळी आणखी जोरात दाबतो आणि आतली पिन वाकते.

मदत बिघडते ती बहुधा अशीच. देणाऱ्याला मोटार किंवा मोटारसायकल ठाऊक असते, तुमची सायकल नाही. डाव्या पेडलचंच घ्या. त्याचे आटे उलटे असतात. सैल करायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवावा लागतो. हे माहीत नसलेला आणि हातात लांब दांड्याचा पाना असलेला दणकट मदतनीस पेडल आणखी आवळतो, आणि क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसतं तो दांडा, ॲल्युमिनियमचा असेल तर आटे सोलून निघतात. मग नवा क्रँक. कॅरिअरचा बोल्ट पडला तर तीच गत: सायकलला लागतो ५ मिलिमीटरचा, गॅरेजच्या डब्यात ढिगानं असतात ६ चे. ‘बसेल, बसेल’ म्हणत तो दाबून फिरवला की फ्रेमवरचे आटे गेले. ५ मिलिमीटरचे चार जादा बोल्ट सोबत ठेवावे, वजन नगण्य. आणि तेल! चेनला प्रेमानं मारलेला फवारा ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर डिस्क अल्कोहोलनं पुसता येते, पण तेल प्यायलेले ब्रेक पॅड बहुतेक वेळा टाकूनच द्यावे लागतात.

यावर उपाय ‘नको’ म्हणणं नव्हे. मदतीला आलेल्या माणसाला काम द्यावं. सायकल धरायला सांगावं, बॅटरीचा उजेड पाडायला सांगावं, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे बादलीभर पाणी मागावं. ट्यूबमधलं बारीक भोक पाण्यात बुडवल्याशिवाय सापडत नाही आणि रस्त्यात बादली आपल्याकडे नसतेच. बुडबुडे शोधायला चार डोळे लागतातही. पाना मात्र आपल्या हातात.

वेल्डिंगवाला भेटला तर कॅरिअर किंवा फ्रेम पोलादी आहे का, ते आधी पाहावं. लोहचुंबक चिकटला तर साधारण पोलादच. तुटलेलं पोलादी कॅरिअर साध्या वेल्डिंगनं पुन्हा उभं राहतं. ॲल्युमिनियमला आर्गॉन वायूचं वेगळं यंत्र लागतं, आणि ते मिळालं तरी उष्णतेनं सांध्याजवळची ताकद कमी होते. अशा फ्रेमला हात लावू देऊ नये. कॅरिअर शक्यतो सोडवून द्यावं. ते जमत नसेल तर अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात.

ट्रकवाला ‘चढवा सायकल’ म्हणतो तेव्हा घाई त्याला असते, तुम्ही करू नका. आधी पिशव्या उतरवून केबिनमध्ये. मग चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर, म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आत सरकतो. सायकल आडवी ठेवायची तर चेनची बाजू वर. दोरी फ्रेमला, आऱ्यांना नाही. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, मुद्दाम मऊ केलेला असतो, एका धक्क्यानं वाकतो, आणि त्याचा आकार फ्रेमगणिक वेगळा. सुटा हँगर घरूनच न्यावा. चाक काढलं आणि ब्रेक हायड्रॉलिक असतील तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी अडकवावी. कुणीतरी गमतीनं ब्रेक दाबतंच, आणि मधे काही नसेल तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

रस्ता विचारणं ही वेगळीच कला. ‘हा रस्ता अमुक गावाला जातो ना?’ याला लोक हो म्हणतात, कारण नाही म्हणून पाहुण्याला निराश कसं करायचं? ‘हा रस्ता कुठं जातो?’ असं विचारावं. शिवाय मोटारीतल्या माणसाला चढ दिसतच नाही. त्याचा ‘सपाट’ रस्ता ६ टक्क्यांचा असू शकतो: दहा किलोमीटरला ६०० मीटर. माणूस, सायकल, सामान मिळून ११० किलो ताशी ८ किलोमीटरनं वर न्यायला दीडशे वॉट तरी लागतात, आणि वेळ सव्वा तास. त्याची ती बारा मिनिटं.

रात्रीच्या जागेसाठी सूर्यास्ताच्या तासभर आधी विचारायला लागावं. अंधारात दारात उभं राहिलेलं माणूस कुणालाही नको असतं. सायकलवरून उतरून, हेल्मेट आणि गॉगल काढून, बाहेर काम करत असलेल्या कुणालातरी विचारावं. ‘तुमच्याकडे राहू का?’ असं नव्हे, तर ‘इथं जवळपास तंबू कुठं लावता येईल?’ पहिल्या प्रश्नाला नाही म्हणणं जड जातं, दुसऱ्यात समोरच्याला वाट मोकळी राहते. तंबूचा फोटो दाखवावा, एकच रात्र आणि सकाळी निघणार हे सांगावं. जागा पटली नाही तर कारण न देता पुढं जावं. पटली तर तिचं ठिकाण घरच्या कुणालातरी कळवावं. सायकलस्वारांना घरी उतरवून घेणाऱ्यांचं वॉर्मशॉवर्स नावाचं जाळं १९९३पासून आहे. तिथं दोन-तीन दिवस आधी निरोप द्यावा आणि बेत बदलला तर तोही लगेच कळवावा.

दिलेलं पाणी देणाऱ्यासमोर गाळत बसू नये. बाटलीत क्लोरीनची गोळी नंतर टाकावी, पाकिटावरची वेळ पाळावी, बहुधा अर्धा तास असते. पोकळ तंतूंची गाळणी जिवाणू अडवते, विषाणू नाही. उकळणार असाल तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन.

सकाळी निघताना खुंट्या मोजाव्या. आठातल्या सातच हाती आल्या तर आठवी शोधल्याशिवाय मी हलत नाही. गवतात राहिलेली खुंटी घरातल्याच कुणाच्या तरी पायात जाते.